आजोबांच्या रागाची खूण

प्रिय खारूताई,

तुझ्या आईला समोर बसवून हे लिहून घेतेय. मी सांगेन तेच लिही, शहाणपणा करून काही गाळू नकोस, असं बजावलंय. पण मला वाचता येत नाही, याचा ती फायदा घेणारच.

प्रयोगशाळेतली कायमची जागा तू नाकारणार म्हणे, कारण तुला वाटतं, आजी रुसलीय. रविवारी फोनच्या पडद्यावर नुसती बघत बसते, एक खूण करत नाही. अगं, मी रुसले तर भांडी आपटते; तुला ऐकू आलं नसतं तरी इथे असतीस तर पायाखालच्या फरशीतून कळलं असतं!

तुला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा सगळे डोळे पुसत बसले होते. मला अक्षर येत नव्हतं, तुला आवाज. मग आपण दोघींनी हातांचीच भाषा केली. पीठ फुगलं की गाल फुगवायचे. खरं तर ती तुझ्या आजोबांच्या रागाची खूण. तीच तू भर सभेत यीस्टसाठी केलीस आणि तुझी दुभाषी बाई गोंधळून गप्प झाली. आता अख्खी प्रयोगशाळा यीस्ट म्हणताना गाल फुगवते म्हणे. एवढी शिकलेली माणसं, आणि दिवसभर आमच्या ह्यांची नक्कल!

‘धोक्याची घंटा हिला ऐकू येणार नाही’ असं म्हणून त्याच प्रयोगशाळेच्या दारातून तुला परत पाठवलं होतं. तिथेच तू भांडून घंटेच्या जोडीला लाल दिवा लावून घेतलास. ते सोडून इथे काय करशील, माझे पाय चेपशील? तुझी आठवण येते, ती बोटांतच येते. तुझ्या आईला माझी निम्मी खूण कळते, निम्मी ती मनाने लावते.

आता खरं सांगते. माझा उजवा हात उठत नाही. एका सकाळी कप उचलायला गेले, तर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडून राहिला. तुला सांगायचं नाही, अशी आईला मीच शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नकोस. पडद्यासमोर तो हात शालीखाली लपवायचे. डावा चालतो, पण तोतरा बोलतो, आणि तुझ्यापुढे तोतरं बोलायची मला लाज वाटली. ती जागा घे. मग रजा काढून ये, माझ्यासमोर बस आणि काहीही सांगत राहा. मला तुझे हात बघायचे आहेत.

तुझीच,
मुळीच न रुसलेली आजी