जीवशास्त्राची पोथी

२७ जुलै १९५७, सकाळ
आंघोळ उरकून मुंबईहून आलेले पार्सल देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले, मगच दोरी सोडली. ‘जीवशास्त्र-परिचय’. पुस्तकांच्या यादीत नाव वाचले तेव्हाच ओळखले, जीव आणि शिव यांचा विचार असणार. उद्या श्रावण लागतो. नऊ वर्षे चौलच्या देवळात श्रावणातली पोथी मी वाचतो; यंदा हाच ग्रंथ. गावाला सांगून आलो. टपालवाल्या दयारामचा माझ्या वाचनाच्या पाटावर डोळा आहे. राहू दे.

दुपारी ४
ग्रंथ चाळला. शी! शिव कुठेच नाही. डबक्याच्या पाण्याचा थेंब, त्यात वळवळ. पुढे जंत, जळवा, चिरलेला बेडूक. दोनदा साबणाने हात धुतले. आता कबूल करणे शक्य नाही. निरूपणात सांभाळून नेईन.

२८ जुलै
अमीबा. ना हात, ना तोंड, ना ठराविक आकार. म्हणून त्याला निराकार ठरवले. रंग भरत होता. तेवढ्यात पुढे बसलेल्या सोनूबाईने विचारले, मग तो खातो काय? पुस्तकात होते ते सांगितले, लहान जीव गिळतो. तर म्हणते, "निराकार हाय आन् श्रावण पाळीत न्हाय?" अख्खे देऊळ हसले. अडाणी लोक.

१ ऑगस्ट
पोटातले जंत. वीतभर लांब. मादी दिवसाला दोन लाख अंडी घालते. प्रसादाचा शिरा माझ्या घशाखाली उतरेना. श्रोत्यांनी बोटे चाटून संपवला. किळस नाही कशी येत? गर्दी मात्र दुप्पट. माझ्या निरूपणाचा गुण.

५ ऑगस्ट, सोमवार
निश्चय: घाण पाने गाळायची. गाळली. दहा मिनिटांत आरती लागली. धर्मा शेतातून धावत आलेला, म्हणाला, "नाना, ती परवाची जळू, रगत पिऊन आपसूक गळती का वडावी लागती?" मी काही बोलायच्या आत मागून दयाराम, "गळते. पान त्रेचाळीस." पुस्तक देवळात ठेवतो, तेव्हा हा वाचत असणार. उद्यापासून घरी नेणार.

९ ऑगस्ट
हिने पुस्तक उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. पडवीत ठेवले. मीही तिथेच जेवलो. देवळात बेडकाचे पोट उघडले. तिसऱ्या ओळीला पुस्तक तिथेच टाकून, तोंड दाबून बाहेर पळालो. परत येतो तर माझ्या पाटावर दयाराम, वाचन चालू. सोनूबाई म्हणाली, "नाना, बसा वाईच. ह्यो तोंड वाकडं न करता वाचतोय." कोणी त्याला उठवले नाही.

१० ऑगस्ट
दिवसभर विचार केला. देवाने घडवलेले वाचताना ओकारी येते, तर पाटावर बसायचा माझा हक्क कसला? संध्याकाळी पुस्तक स्वतःच्या हाताने दयारामला दिले. घसा बसला आहे म्हणालो. घशाची चौकशी कोणी केली नाही. खांबाआड बसून ऐकले. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात. पुन्हा वाच, असे मीच म्हणालो.