वरीलप्रमाणे

५ जानेवारी १९८७, सोमवार. सकाळी ११

आज माझ्या वाक्यावर भरदिवसा अतिक्रमण झालं. चेअरमनसाहेबांच्या एकसष्टीचं अभिनंदनपत्र कन्सोलवर इंग्रजीतून टाइप करत होतो. (कन्सोल म्हणजे संगणकाचं तोंड. दिसायला टाइपरायटर, बोलतं कागदावर.) 'ऑन धिस ऑस्पिशस' इथवर आलो आणि यंत्रानं मध्येच, कुणाची परवानगी न घेता, खडखडून छापलं: 'डीके झिरो, सॉफ्ट एरर, सेक्टर ४१०६.' (डीके झिरो म्हणजे डिस्क, सेक्टर म्हणजे तिच्यावरचा एक तुकडा.) मग मी 'डे' लिहिलं. घाईत पत्र तसंच गेलं. पी.ए.नं 'सॉफ्ट एरर'खाली लाल रेघ मारून परत पाठवलं.

हे मी सहन करणार नाही. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुण्याच्या सहा आठवड्यांच्या कोर्सनंतर, मी या सहकारी साखर कारखान्याचा संगणक-प्रमुख आहे. खात्यातली एकूण माणसं: एक.

दुपारी ३

नोंद असावी म्हणून: सहाशे अकरा सभासदांच्या ऊसतोडीच्या पाळ्या या यंत्रात आहेत. सगळा भूम तालुका कोरडा ठाक. ऊस उभ्या उभ्या वाळतोय. पाळी आठ दिवस मागं गेली की वजन उतरतं. जुन्या नोंदवह्या आपण उद्घाटनाच्या दिवशी नारळ फोडून रद्दीत दिल्या. सूचना माझीच होती. टाळ्या झाल्या होत्या.

८ जानेवारी, गुरुवार

यंत्राला बोलण्याची पद्धत लावायची, असा निश्चय. निरोप छापण्याचं काम कर्नल नावाच्या प्रोग्रॅमकडं आहे. यंत्राचा गाभा म्हणजे कर्नल. आमचा कन्सोल कंपनीच्या कर्नलशी जमवून घेईना, म्हणून सोलापूरचा इंजिनियर मल्लिनाथ निरोपांचा भाग सोर्ससकट, म्हणजे बदलता येईल अशा मूळ मजकुरासकट, इथंच ठेवून गेला. जाताना म्हणाला होता, असू द्या तुमच्याजवळ, फक्त उघडू नका. वय वर्षं सव्वीस.

उघडला.

एम.डी. साहेबांना सांगितलं की कर्नल सुधारतोय. त्यांनी विचारलं, निवृत्त आहेत का, आणि राहायची सोय काय केलीत. समजावलं. समजलं नाही. मंजुरी मिळाली.

१२ जानेवारी, सोमवार

कन्सोलची रिबन फिकी पडली. स्टोअरमध्ये मागणी केली तर तीन सह्यांचा फॉर्म. वजनकाट्यावरच्या नबीलालकडून त्याच्या टाइपरायटरची जादा रिबन उसनी आणली. पहिल्यांदाच. परवा परत करणार.

नबीलालला एक वाईट खोड आहे. कन्सोलचा रद्दी कागद तो घेऊन जातो, फाडून चिठ्ठ्या करतो आणि कोऱ्या बाजूला सभासदांना त्यांची पाळी लिहून देतो. रोज संध्याकाळी कन्सोलशेजारच्या माझ्या स्क्रीनवर नंबर बघायचे आणि बॉलपेननं उतरवायचे. संगणकाच्या युगात चिठ्ठ्या! मी म्हणालो, नबीलाल, विश्वास ठेवायला शिका. तो म्हणाला, ठेवलाय की, म्हणून तर लिहून ठेवतोय. त्याला विनोद करायची सवय आहे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ खात श्रेणी ठरवल्या. यापुढं यंत्राचा प्रत्येक निरोप तीनपैकी एका वर्गात: माहितीस्तव, योग्य त्या कार्यवाहीस्तव, तातडीचे. कन्सोलवर फक्त तातडीचे छापले जाणार. बाकीचे आतल्या आत एका बफरमध्ये जमा होणार. बफर म्हणजे छोटासा कप्पा, दोन हजार अठ्ठेचाळीस अक्षरांचा. भरला की वरचं पुसून खालचं लिहितो.

सॉफ्ट एरर कुठल्या वर्गात, यावर पाऊण तास विचार केला. माहितीस्तव. सॉफ्ट आहे म्हटल्यावर आणखी काय.

१९ जानेवारी, सोमवार. सायंकाळी ६

आज कर्नल कामाला लागला. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. प्रत्येक निरोपाला जावक क्रमांक. आणि ज्याचा मला मनापासून अभिमान वाटतो ती सुधारणा: तोच तोच निरोप पुन्हा आला तर सबंध छापायचा नाही, फक्त 'वरीलप्रमाणे'. बावीस वर्षं कारकुनी केली ती वाया गेली नाही. यंत्राला वेळ लागू नये म्हणून निरोपाची पहिली आठ अक्षरं जुळली की निरोप तोच, असं धरलं.

सुधारलेल्या कर्नलची एक प्रत कायमची ठेवायला हवी. टेप एकच. तिच्यावर पाळ्यांची महिन्यापूर्वीची प्रत होती. पाळ्या यंत्रात आहेतच. टेप कर्नलला दिली.

कन्सोल गप्प. खोलीत दवाखान्यासारखी शांतता.

२१ जानेवारी, बुधवार

नबीलाल रद्दी मागायला आला. नाही म्हणालो, यंत्र आता फुकट बडबडत नाही. तो कन्सोलचा कोरा कागद उचलून बघायला लागला. म्हणाला, रोज काहीतरी सांगत होतं बिचारं. नानासाहेब, महिनाभर एकच नाव घेत होतं, नंबर तेवढे वाढत चाललेले. मी त्याला श्रेणी समजावल्या.

त्याच्या मागोमाग बनाबाई. पाथरूडच्या वाटेवरची सभासद, पंचेचाळीस गुंठे ऊस, माणूस वारल्यापासून एकटीच बघते. विहिरीवर मोटार दिवसातून वीस मिनिटं चालते म्हणाली. नबीलालकडं तिच्यासाठी कागद उरला नव्हता.

"सायेब, माजी पाळी कागदावर द्या की."

मी सांगितलं, कागदाची गरज नाही, यंत्रात आहे.

"मिशनीतली पाळी मला कशी दिसायची?"

यादीत बघून तोंडी सांगितलं: फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. नंबर सांगितला होता, आता आठवत नाही. लक्षात ठेवायचं कारणच काय.

रिबन राहिलीच द्यायची.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. एम.डी. साहेबांनी भाषणात 'आमचे कर्नल' असा उल्लेख केला. वॉचमननं त्यानंतर दोनदा मला सलाम ठोकला.

३० जानेवारी, शुक्रवार

यंत्र जरा सावकाश चालतंय. थंडी असेल. कन्सोल गप्प, म्हणजे तातडीचं काही नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

वरीलप्रमाणे.

५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२.४०

डिस्कच्या कपाटातून जात्यात खडा यावा तसा आवाज. मग सगळं बंद. सतरा दिवसांत पहिल्यांदाच कन्सोल हलला. धावत गेलो. छापलं होतं:

'तातडीचे. जा. क्र. २१७. वरीलप्रमाणे.'

वर कागद कोरा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मल्लिनाथ सकाळच्या गाडीनं आला. मेमरी चाचपून बफरमधलं जे उरलं होतं ते छापून काढलं. बासष्ट ओळी. बासष्टही 'वरीलप्रमाणे'. ज्या निरोपाप्रमाणे ते होते तो कधीच पुसला गेला होता. त्यानं कागद दोनदा वाचला.

म्हणाला, "काका, वर काय होतं?"

'साहेब'चा 'काका' झालो. टेप मागितली. दिली. तिच्यावर कर्नल होता, सुस्थितीत.

मी निदर्शनास आणून दिलं की त्याच्या मूळ पद्धतीत शिस्त नव्हती. तो म्हणाला, नव्हती, पण सॉफ्ट एररचे हार्ड, म्हणजे पुन्हा वाचून भागतं त्याचे कायमचे न वाचता येणारे, कधी झाले ते तरी कळलं असतं. पहिली आठ अक्षरं दोन्हींची सारखीच.

७ फेब्रुवारी, शनिवार

गेटवर गर्दी. टोळ्यांनी कुणाचा ऊस तोडायचा हे कुणालाच ठाऊक नाही. एक संचालक परस्पर एका टोळीला आपल्या फडाकडं घेऊन चालला होता. नबीलालनं काटा बंद ठेवला आणि सांगितलं, चिठ्ठी दाखवल्याशिवाय एक गाडी मोजणार नाही.

मग चिठ्ठ्या आल्या. टोपीतून, पदराच्या गाठीतून, तंबाखूच्या डबीतून. संध्याकाळपर्यंत पाचशे अडुसष्ट. उरले त्रेचाळीस सभासद. ज्यांना कागद मिळाला नाही ते.

बनाबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्या टेबलासमोर बसून राहिली.

"तुमीच म्हनला न्हवं, गरज न्हाय म्हनून."

मी पाणी मागवलं. तिनं घेतलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

एम.डी. साहेबांना उद्या अहवाल हवा. मसुदा तयार आहे: 'यंत्र कोणतीही पूर्वसूचना न देता अकस्मात बंद पडले.' वाक्य चांगलं जमलंय.

चिठ्ठ्या पाळीच्या क्रमानं नव्या वहीत चिकटवायच्या, असं ठरलं. काम माझ्याकडं. खळ शिजवून आणली आहे.

सायंकाळी ५

पहिली चिठ्ठी उलटी करून खळ लावायला घेतली. मागं तारीख-वेळेसकट छापलेलं: 'डीके झिरो, सॉफ्ट एरर, सेक्टर ४१०६.' दुसरीच्या मागं ४१०७. एकीच्या मागं चेअरमनसाहेबांचं अभिनंदन अर्धं, एरर पूर्ण. डिसेंबरच्या वीस तारखेपासून, दिवसातून दहा दहा वेळा.

सुलट ठेवल्या तर सभासदांची पाळी. उलट ठेवल्या तर पूर्वसूचना. पाचशे अडुसष्ट वेळा दिलेली.

खळ लावली की एक बाजू कायमची आत जाणार. कुणी विचारणार नाही. वह्या चिकटवण्याचा मला अनुभव आहे.

मल्लिनाथ दारात विडी ओढत होता. सहज बोलल्यासारखं म्हणाला, डिस्क सगळी गेलेली नाही. कुठले सेक्टर आधी गेले आणि खराबी कुठल्या दिशेनं पसरत गेली एवढं कळलं, तर तेवढा भाग टाळून बाकीचा वाचता येईल. आंधळ्यासारखं वाचायला गेलो तर उरलंसुरलं खरवडून निघेल. "पण ते आता कळणार कसं," असं म्हणून विडी विझवली.

खळ वाळत चालली होती.

त्याला आत बोलावलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मी चिठ्ठ्या वाचत होतो, नबीलाल लिहीत होता. उलट. तारीख, वेळ, सेक्टर. चिठ्ठ्या फाडताना काही आकडे मधोमध फाटलेले. दोन सभासदांच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या की आकडा पुरा व्हायचा. यातले दोघं गेली दहा वर्षं बांधावरून एकमेकांशी बोलत नाहीत.

नबीलालनं एकदाही 'वरीलप्रमाणे' लिहिलं नाही. तोच आकडा चाळीस वेळा आला तर चाळीस वेळा लिहिला. मी म्हणालो, हात दुखेल. तो म्हणाला, काट्यावर सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात, म्हणून न मोजता सोडतो काय आमी.

अहवालातलं वाक्य खोडलं. नवीन वाक्याला तालच नाही: 'पूर्वसूचना मिळत होती. ती मी बंद केली.' खाली सही. यादी सोबत जोडली.

११ फेब्रुवारी, बुधवार

मल्लिनाथनं दोन दिवस, मध्ये मध्ये यंत्राला विश्रांती देत, उरलेलं वाचून काढलं. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस सापडले. बनाबाई: नंबर दोनशे बारा. चौघं सापडले नाहीत. त्यांच्या बांधावर जाऊन लागणीची तारीख विचारायची, पाळी तिच्यावरूनच ठरते. मी जाणार आहे. कुणी सांगितलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बनाबाईचा ऊस आज काट्यावर आला. पाच दिवस उशिरा. वजन किती घटलं ते विचारलं नाही. गाडी काट्यावर चढताना आवाजावरूनच कळलं. तिनं माझ्याकडं कागद मागितला. लिहून दिला. तिनं नबीलालकडून वाचून घेतला, मग गाठीत बांधला.

२ मार्च, सोमवार

आदेश आला. संगणक-प्रमुखपद रिकामं ठेवण्यात आलं आहे. मी स्टोअरमध्ये. जुना कर्नल परत बसवला. भिंतीपलीकडून त्याची खडखड दिवसभर ऐकू येते. मध्येच बोलतो, कुणालाही विचारत नाही.

स्टोअरमध्ये आल्याचा एक फायदा. तीन सह्यांपैकी एक आता माझीच. बाकी दोन आणायला सकाळ गेली. फॉर्मवर वस्तू: रिबन, काळी, नग एक. कारण या रकान्यात लिहिलं: परतफेड.

दुपारी काट्यावर गेलो. नबीलाल जेवायला गेला होता. त्याच्या टाइपरायटरवर कालची अक्षरं राखाडी, जेमतेम लागणारी. झाकण उघडून जुनी रिबन काढली, नवी बसवली, दोन्ही रिळं फिरवून बघितली. बोटं काळी झाली. झाकण लावलं आणि आलो.