रिकाम्या घरातला माणूस

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा आठातली दोन अंगं कमी धर). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का, की त्यांच्या डॉक्टरलाच तो थांबायला नकोय? आम्ही दोघं सुखरूप आहोत. वणव्याची बातमी तुला एव्हाना कळली असेल, आणि ती दुर्बिणीकडून कळली असेल तर तिखटमीठ वजा करून घे. (दुर्बीण म्हणजे आमचा शेजारी. दिवसभर खिडकीत बसून आमच्या घराकडे बघतो. तो बघतो हे तुम्हाला कसं दिसतं, असं हिने एकदा विचारलं होतं. मी पडदा ओढून घेतला.)

तुला ठाऊकच आहे, कारखान्याच्या फाटकावर बत्तीस वर्षं मी लोकांचे डबे उघडून पाहिले. त्यामुळे टेकडीमागे तीन दिवस धूर दिसत होता आणि चौथ्या दिवशी सकाळी भोंगा लावलेली गाडी येऊन तासाभरात घरं रिकामी करा म्हणाली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. वारा तर उलट्या दिशेचा, मग एवढी घाई कोणाला? अख्खी गल्ली, अकराच्या अकरा घरं, एकाच वेळी उघडी टाकून निघायची म्हणजे यात कोणाचं तरी चांगभलं असणारच. मी हुकमावर सही-शिक्का मागितला. भोंगेवाला टेकडीकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, शिक्का मागून येतोय." (उद्धट. पण नंबर टिपून ठेवलाय.)

त्यांची पद्धत अशी की घर रिकामं झालं की फाटकाला पांढरं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की अग्निशमन दलाचे जवान पुढे जातात; नसलं की आत माणूस अडकलाय असं धरून दार फोडतात. हे भोंग्यावरून तीनदा सांगितलं, मला काही ऐकू आलं नव्हतं असं नाही. पण तूच सांग, घरात कोणी नाही हे चोराला कळवायची याहून चांगली सोय कोणती? ही तर चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली! म्हणून ही बसमध्ये चढल्यावर मी चष्मा विसरल्याचं सांगून मागे फिरलो आणि आपलं फडकं सोडलं. मग वाटलं, आपलंच नसलं तर उगाच डोळ्यांवर येईल, म्हणून बाकीची दहाही सोडली (शेजारधर्म). तेवढ्यावर न थांबता पलंगावर दोन लोड ठेवले, वर पांघरूण घातलं, वरच्या टोकाला माझी कानटोपी बसवली. खिडकीतून मीच बघितलं तर मलाच वाटलं, बिचारा म्हातारा गाढ झोपलाय.

आम्हाला शाळेच्या सभागृहात नेलं. दारात एक बाई वहीत नावं लिहून घेत होती. माझं नाव मी दिलं नाही. कशाला हवं? कोण वाचणार? हिचं तेवढं लिहिलं गेलं, आणि हिच्यापुढे नवरा म्हणून एक रिकामी ओळ राहिली. चहा बेताचा होता; दुर्बिणीला मात्र दोनदा मिळाला, हे मी बघितलं.

दुपारी वारा फिरला. आग टेकडी उतरून गल्लीच्या वरच्या टोकाला आली. जवान गल्लीत शिरले, तर एकाही फाटकाला फडकं नाही आणि वहीत एक माणूस कमी. त्यांनी अकराही दारं फोडली, पलंगांखाली पाहिलं, न्हाणीघरं पाहिली. पाण्याचे पाइप वर नेण्याऐवजी अर्धा तास ते तिथे नसलेल्या आम्हाला शोधत होते. त्या अर्ध्या तासात वरची दोन घरं गेली. त्यातलं एक दुर्बिणीचं (खिडकीसकट).

आमच्या घरात त्यांच्यातली एक तरुण पोरगी शिरली. हे मला तिच्या सोबत्याने सांगितलं. धुरात हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. तिला पलंगावर कानटोपी दिसली. हाका मारल्या, म्हातारा हलेना. तेव्हा तिने स्वतःचा श्वास घ्यायचा मुखवटा काढून त्याच्या तोंडाला लावला, त्याला पांघरुणासकट पाठीवर घेतलं आणि खालच्या रस्त्यावर बंबापर्यंत आणलं. तिथे ती कोसळली. पांघरूण उघडलं ते त्यानंतर, तिची शुद्ध हरपल्यावर.

आमचं घर शाबूत आहे, ताई. ते बघायला जायची मला इच्छा होत नाही. सभागृहात फडकी कोणी काढली याचीच चर्चा चालते, आणि चोरांचंच काम, असं सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो. दुर्बिणीने उठून आपली जादाची चादर हिला दिली. त्याचा यात काय डाव असेल, हे मी दोन दिवस शोधतोय, सापडत नाही.

घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि भाऊजींना सांग की डॉक्टर बदला.

तुझा,
धाकटा

ता. क. – लिहायचं होतं ते हे. ती पोरगी दवाखान्यात आहे, नळीने प्राणवायू लावलाय. फुप्फुसांचं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि या वेळी ते लपवताहेत असं मला वाटत नाही, त्यांनाच माहीत नाही. शुद्धीवर आल्यापासून ती एकच विचारते, आजोबा कसे आहेत? बरे आहेत, असं तिला सांगितलंय. दलाचा प्रमुख काल सभागृहात माझ्या खाटेशी येऊन म्हणाला, लोडाला काही तिला भेटायला नेता येत नाही, तुम्हीच जा. (म्हणजे त्याला सगळं कळलंय.) तू ये. लहानपणीही तू कान धरल्याशिवाय मी खरं बोलत नसे.

आणखी एक ता. क. – पत्र पेटीत टाकायच्या आधीच प्रमुखाने गाडी आणली, जाऊन आलो. तिने माझा हात धरला. तिला दम लागत होता, बराच वेळ बोलता येईना. मग म्हणाली, "आजोबा, किती हलके आहात हो तुम्ही! नीट जेवत जा." तिच्या चेहऱ्यावर कुठे थट्टा सापडते का, ते मी खूप शोधलं. नव्हती. मी म्हणालो, जेवीन. ताई, पहिल्या गाडीने ये.