राखबंदीतून एका डब्याला सूट मिळण्याबाबत

प्रति,
मा. बियाणे-बटाटा तपासणी अधिकारी,
अरुस्टुक काउंटी, मेन राज्य

विषय : नदीकाठच्या शेतात एक डबा राख टाकण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपला एप्रिलमधील राखबंदीचा आदेश.

महोदय,

मी, ओझित मिशो, सेंट जॉन नदीकाठी बटाटा पिकवते. बटाट्यांच्या सालीवर खरूज रोग आढळल्याने आपण आमचे बियाणे नामंजूर केलेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

१. माझे पती ओनेझिम चुलीतील राख हिवाळाभर पिंपात साठवून बर्फ वितळल्यावर शेतात टाकत. त्यांच्या वडिलांचीही तीच रीत होती. राखेने जमिनीचा आंबटपणा जातो व अशा जमिनीत बटाट्याची खरूज फोफावते, हे आपण त्यांना बांधावर उभे राहून समजावलेत. त्यावर ते आपणांस म्हणाले, "साहेब, जमिनीला उपाशी ठेवून कुणाचं भलं झालंय?" त्याबद्दल त्यांच्या वतीने मी दिलगीर आहे. आपण गेल्यावर मात्र त्यांनी पिंपाचे झाकण ठोकून घट्ट बसवले.

२. आदेशात "कोणत्याही प्रकारची राख" असे शब्द आहेत. ते त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावले. ऑक्टोबरात, काढणी चालू असतानाच ते वारले. त्याआधी म्हणाले होते, "ओझित, मला पुरू नकोस. जाळ, नि राख बटाट्याच्या सरीत टाक. बघू तो साहेब काय करतो!" ते हसले. मला हसू आले नाही.

३. सध्या ते कुट्टूच्या पिठाच्या डब्यात, चुलीशेजारच्या फळीवर आहेत. पीठ मी दुसरीकडे हलवले आहे. तरी सकाळी धिरडी करताना हात सवयीने तिकडेच जातो. हे आता सोसवत नाही. माझे दीर फिलियास म्हणतात, "वहिनी, गुपचूप टाकून या, कोण बघतंय?" पण महोदय, माझ्या नवऱ्याला मी चोरासारखे कुठेही ठेवणार नाही.

४. तरी पुलाकडील एका सरीपुरती परवानगी द्यावी. मातीचा आंबटपणा टिकावा म्हणून आपण सांगाल तितके गंधक त्यात मिसळीन. जमीन लवकरच गोठेल, म्हणून उत्तर त्याआधी यावे. त्या सरीतला एकही बटाटा बियाण्यात वा बाजारात जाणार नाही. खरूज आलीच, तर साल जाड काढून ते सगळे मी एकटी खाईन.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
ओझित मिशो
४ नोव्हेंबर

सोबत : आदेशाची प्रत, त्या सरीतील माती (एक पिशवी, तपासणीसाठी).