खाकरणं

माय, तुला सांगते, बाबा सध्या माझ्याकडे अमरावतीला आहेत. लकव्यानं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरलंय ते फक्त खाकरणं, आणि ते मला कळत नाही. तुला कळायचं, म्हणून तुला लिहायला बसले.

तुमच्या दोघांत बोलणं असं होतंच किती? मूर्तिजापूरच्या घरी सगळा कारभार अंगाच्या आवाजांवर चालायचा. जेवल्यावर लांबलचक ढेकर आला की भाजी जमली. तोंडानं तारीफ करणं बाबांच्या अगदी जिवावर यायचं. मोठ्यानं जांभई दिली की पाहुण्यानं उठावं. ते अंगणात खाकरले की चुलीपुढून मान न वळवता तू म्हणायचीस, "बाबासंग कोनी हाये वं, चहात पानी वाढव." मी डोकावले की खरंच कोणीतरी चपला काढत असे. "तुले कसं कयते?" मी विचारायचे. "इतके वर्स आयकून राह्यली ना मी," एवढंच तुझं उत्तर. इथं राजापेठेत आमच्या घराखाली ढीगभर क्लासेस आहेत, पण हे कुठंच शिकवत नाहीत.

आता मी खोलीत पाय ठेवला की बाबा खाकरतात आणि माझी धावपळ सुरू होते. पाणी देते, पंखा वाढवते, उशी सरकवते. ते डोळे मिटून घेतात. त्यांच्या पोटातली गुरगुर ऐकते, श्वासाची घरघर ऐकते, कशातूनच काही हाती लागत नाही. एकदा चिडून विचारलं, "बाबा, काय पाह्यजे तुमाले?" तर पुन्हा खाकरले. डॉक्टर म्हणाले, घशात कफ साठतो, त्यात अर्थ शोधू नका. मग मी कफाचं औषध पाजत बसले. त्यांचं उरलंसुरलं बोलणंही बंद करायला निघाले होते मी, माय.

परवा दुपारी कपडे बदलायला गेले तेव्हा माझाच घसा खवखवत होता, म्हणून दाराशीच खाकरले. आत पाहते तर बाबा डाव्या हातानं चादर ओढून मांड्या झाकत होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे घरचा कर्ता माणूससुद्धा न खाकरता स्वतःच्या घरात शिरत नसे. आत लेकीसुना कशाही बसलेल्या असतील, त्यांना सावरून घ्यायला वेळ मिळावा म्हणून. आणि इथं मी, शेजारीण, इंजेक्शन द्यायला येणारी नर्स, सगळ्या धाडकन आत. बाबा बिचारे प्रत्येकीला सांगत होते, जरा थांबा.

तेव्हापासून मी खाकरून आत जाते. ते चादर नीट करतात. मग मी ती काढते, त्यांना पुसते, धोतर बदलते. नवरा अकोल्याला नोकरीवर, आठवड्यानं येतो, दुसरं करणार कोण? बाबा भिंतीकडे बघत राहतात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे घरातच. पण तुझ्यापाशी लपवत नाही. आज सकाळी मी मुद्दामच न खाकरता आत गेले. एवढ्या निगुतीनं त्यांनी ओढून घेतलेली चादर माझ्याच हातांनी काढायची, हे माझ्यानं झालं नाही.