वाकड्या बाणाचे चारशे बारा फोल्डर

चि. मोईन यास,

अंथुर्ण्याहून जमीलाआपाचा सलाम. तुझा गुडघा दुखायचा थांबला असेल आणि बारामतीतलं तुझं कॉम्प्युटरचं दुकान जोरात चालत असेल अशी उमेद आहे. (तसं असेल तर बारामतीकरांची मला काळजी वाटते.) इकडं आम्ही सगळे खुशाल, म्हणजे तुझ्या भाची सुहानाला सर्दी, मला पित्त आणि तुझं नाव निघालं की तुझ्या दाजींना ठसका.

पत्र कागदावर लिहिलंय याचं नवल मानू नकोस. कागद या खिशातून त्या खिशात घातला तरी अक्षरं मागं राहत नाहीत, एवढं मला आता कळलंय.

तू मार्चमध्ये आमच्या स्टुडिओसाठी नवा कॉम्प्युटर घेऊन आलास, तेव्हा जुन्यातले फोटो नव्यात न्यायला दोन दिवस लागतील असं दाजींना वाटलं होतं. वीस वर्षांची लग्नं, बारशी, साखरपुडे होते ना त्यात (आणि एक बैल, प्रदर्शनात पहिला आलेला). तू पेनड्राइव्ह लावलास, समोर दिसणारे सगळे फोल्डर एका झटक्यात उचललेस आणि चहाला आधण यायच्या आत म्हणालास, "झालं, आपा!" आम्ही अडाण्यांनी तुझी तारीफ केली. मी तर कोंबडी कापायला लावली. जेवण झाल्यावर तू जुनं मशीन साफ पुसलंस, त्यात विंडोजपासून सगळं नव्यानं भरलंस आणि कन्हेरीच्या कुणा गिऱ्हाइकासाठी गाडीत घालून नेलंस.

चार दिवसांनी शेळगावचे हिंदुराव आले. फेब्रुवारीत त्यांच्या राजलक्ष्मीचं लग्न दाजींनीच टिपलं होतं, त्याचा अल्बम ठरवायचा होता. दाजींनी ऐटीत फोल्डर उघडला. मशीन म्हणालं, सापडत नाही. मग दुसरा, मग तिसरा, असे चारशे बारा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एवढासा वाकडा बाण. शेवटी इंदापूरच्या एका जाणत्याला दाखवलं. तो म्हणाला, हे फोटो नव्हेतच, फोटो कुठं ठेवलेत ते दाखवणाऱ्या नुसत्या पाट्या आहेत. म्हणजे तू आमचं घर हलवायला आलास आणि दारावरची पाटी तेवढी उचललीस. घर मागं राहिलं, तर तेही पाडून गेलास.

कन्हेरीहून डिस्क परत आणून त्या इंदापूरच्या माणसानं आठ दिवस खटपट केली. अकरा फोटो निघाले, तेही अर्धे. राजलक्ष्मीच्या नवऱ्याचा फेटा निघाला, त्याच्याखाली सगळा राखाडी रंग. दाजी तेवढंच घेऊन शेळगावला गेले. हिंदुरावांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अल्लाबक्ष, जावई एवढाच व्हता व्हय?" यावर दाजींना हसू तरी आलं असतं. पण हिंदुरावांच्या मंडळी, मुक्ताबाई, पुढं आल्या. "लगीन परत लावू एक येळ, पर मांडवात बसलेल्या माज्या सासूबाई आता कुठनं आणू? त्या गेल्या की पंधरा दिसामागं."

दाजी घरी आले आणि कॅमेऱ्याची पिशवी खुंटीला अडकवली. ती अजून तिथंच आहे. वीस वर्षं दुसऱ्यांना 'हसा' म्हणत आलेला माणूस आहे तो, मोईन. आता गिऱ्हाईक दारात दिसलं की मागच्या खोलीत जातो आणि मला पुढं करतो.

तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडं यायची तसदी घेऊ नकोस. अल्ला तुला अक्कल देवो आणि तुझ्या गिऱ्हाइकांना सबर.

तुझी (नाइलाजानं) आपा,
जमीला

ता. क. अम्माचा तो एकुलता एक फोटोही त्यातच होता, भाकरी थापताना दाजींनी चोरून काढलेला. एरवी तिनं जन्मात कधी फोटो काढू दिला नाही, तुला ठाऊक आहे. ती गेली तेव्हा मी तुला तो फोनवर पाठवला होता. तुझ्या जुन्या फोनात आहे का बघ. असला तर पाठवू नकोस, दुसरीकडं टाकू नकोस, त्याला बोटसुद्धा लावू नकोस. फोनच घेऊन ये.

आणखी ता. क. दाजी घरात असताना ये. जुनं मशीन पुसायच्या आधी तू आतून हाक मारून विचारलं होतंस, "आपा, नव्यात दोन-चार फोल्डर उघडून बघितलेस न्हवं?" मी दारात शेजारच्या चंद्राबाईंशी बोलत उभी होते. तिथूनच, काही न बघता म्हणाले, "व्हय, समदं आलंय." हे मी अजून दाजींना सांगितलेलं नाही. तू शेजारी बसलास तर सांगेन.