सात तयार शेरे

३ जून, सकाळी ७.१०
संकल्प! ऑनलाइन अर्जलेखन वर्गातल्या बत्तीसही विद्यार्थ्यांना चोवीस तासांच्या आत मनापासून, सविस्तर फीडबॅक देणार. समन्वयक बाईंनी बजावलंय, विद्यार्थी खूश असतील तरच पुढची बॅच मला. नसायला काय झालं? मी काय चीज आहे हे बाईंना अजून कळायचंय.

३ जून, ११.४०
चार अर्ज तपासले. मान अवघडली. एकाने नळाच्या अर्जात स्वतःच्या लग्नाची हकीकत घातलीय. जरा आडवा होतो.

५ जून
अठ्ठावीस बाकी. ही म्हणाली, अहो, चोवीस तास कधीच उलटले. मी म्हटलं, चोवीस तास म्हणजे कामाचे. रोज दोन तास धरले तर बारा दिवस होतात. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

६ जून
डोकं चाललं! सात शेरे तयार करून ठेवले. कॉपी, पेस्ट. कुणावर अन्याय नको म्हणून क्रमाने एक ते सात, पुन्हा एक. अठ्ठावीस अर्ज अकरा मिनिटांत. लोक उगाच मर मर मरतात.

९ जून
एक निवृत्त नर्सबाई आहेत वर्गात. त्यांना दोन नंबर गेला होता: 'भावना आवरा. विषय रंजक निवडा.' त्यांचा मेसेज. सर, अर्ज बंद लिफ्टबद्दल आहे, त्यात रंजक काय घालू? कळवलं, एखादा विनोद चालेल. ही म्हणाली, निदान उघडून तरी बघा. मी म्हटलं, मला फाइलच्या नावावरून अंदाज येतो.

१२ जून
दुसरा स्वाध्याय, तक्रार अर्ज. नर्सबाईंचा चौथा आला. चार नंबर: 'मुद्दा चांगला, पण उदाहरणं हवीत. तारखा द्या.'

१३ जून
नर्सबाईंचा नवा मसुदा हजर! सहा पानं! वाचली नाहीत, पण मोजली. केवढी ही प्रगती, आणि कुणामुळे? सात नंबर लावला: 'भाषेला धार आली. आता वेळ न दवडता वरिष्ठांकडे पाठवा.' वर खुशीने दहापैकी नऊ. त्यांनी विचारलं, सर, खरंच पाठवू? म्हटलं, बिनधास्त!

१८ जून, दुपारी १२
समन्वयक बाईंचा फोन. म्हणाल्या, तुमच्या विद्यार्थिनीचा तक्रार अर्ज मिळाला. मी विचारलं, कसा वाटला? म्हणाल्या, अप्रतिम. मुद्देसूद, तारखांसकट, पुराव्यांसकट. विषय: आमचे सर आमचे अर्ज वाचत नाहीत. चार जणांना आलेला एकच शेरा शेजारी शेजारी चिकटवलाय, आणि शेवटी तुमचेच नऊ मार्क. मी म्हटलं, म्हणजे माझं शिकवणं प्रभावी आहे हे सिद्ध झालं ना? फोन कट. नेटवर्क गेलं असावं.

२० जून
पुढची बॅच दुसऱ्या कुणाला तरी. ठीक आहे. मी विश्रांती घेणारच होतो. मानेचं दुखणं आहेच. हिने न मागता चहा आणून ठेवला. ते जास्त लागलं.

२१ जून, दुपारी २
काही उद्योग नाही म्हणून नर्सबाईंचा पहिला अर्ज उघडला. लिफ्ट चार महिने बंद. घर तिसऱ्या मजल्यावर. नवरा व्हीलचेअरवर. चार महिन्यांत तो एकदाही खाली उतरलेला नाही. खाली कोण आलं, कोण गेलं, हे तो खिडकीतून बायकोला सांगत बसतो. त्याच्याखाली मी लिहिलंय, विषय रंजक निवडा. आणि वर विनोद घाला म्हणून सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ जून, ४.३०
अडीच तास बसलो. अर्जावर तारीख नाही. कुणाला लिहिलाय ते नाही. मागणी पार तळाशी दडलेली. एकेक ओळ धरून चौदा सूचना लिहिल्या. सुरुवातीलाच माफी मागितली. हिला वाचून दाखवलं. म्हणाली, येत होतं की तुम्हाला. मानेचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे. पाठवलं. आता या अर्जाने लिफ्ट सुरू होणार म्हणजे होणार. समन्वयक बाईंना कळेल मी काय चीज आहे.

२१ जून, ५.१५
नर्सबाईंचं उत्तर आलं. तो अर्ज समन्वयक बाईंनी मागच्याच आठवड्यात नीट करून दिला. लिफ्ट काल सुरू झाली. आत्ता दोघं नवराबायको खाली बाकापाशी बसलेत, वारा खात. माझ्या चौदा सूचना तिथेच वाचल्या म्हणे.
खाली एक ओळ. माझ्या यादीतली, पहिल्या नंबरची.
'छान प्रयत्न. सराव चालू ठेवा.'